चांदीपचा शेवटचा चढ

इनास मास्तराने मला फसवले. चांदीपच्या माळावरून सुटलेल्या सव्वीस मैलांच्या शर्यतीत त्याने मला पहिला येऊ दिला आणि ही गोष्ट माझ्यापासून लपवून ठेवली. एरवी लोक काहीतरी काढून घेऊन फसवतात. याने मला देऊन फसवले. त्यामुळे पोलिसात जाता येत नाही, गावकी बसवता येत नाही, आणि घरात सांगावे तर बायको हसते.

दर वर्षी फाल्गुन निम्मा झाला की हे माझ्या डोक्यात पुन्हा सुरू होते. आज सकाळी जूचंद्रला आमच्या गच्चीवर चहा घेऊन उभा होतो. खाडीकडचा वारा पडला होता आणि पूर्वेकडून, डोंगराच्या बाजूने, एकदम राबाचा वास आला. ज्यांनी भाताची शेती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावसाआधी रोपाची जागा भाजून घ्यावी लागते. खाली शेण, त्यावर डहाळ्या, वर पालापाचोळा आणि वाळके गवत, सर्वांवर बारीक माती, आणि मग वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने काडी लावायची. भडका उडू द्यायचा नाही, नुसते धुमसू द्यायचे. तो राब. त्याच्या धुराला जळलेल्या गवताचा, तापलेल्या मातीचा आणि थोडासा भाजलेल्या भाकरीचा वास असतो. आता आमच्या बाजूला राब भाजायला शेत कुठे राहिले आहे, जिथे बघावे तिथे इमारती, आणि त्यातल्या दोन-चार इमारतींच्या विटा मीच पुरवलेल्या. तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. पण वास आला हे खरे. चहा निवला आणि मी त्या माळावर जाऊन पोचलो.

त्या काळी, म्हणजे ऐंशीच्या आसपास, मी पेंढ्याचा धंदा करीत होतो. झोडणी झाली की वसईच्या पूर्वेकडच्या गावांत खळ्याखळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असत. तबेल्यांना म्हशींसाठी तो लागे, आणि पश्चिमेच्या वाड्यांतल्या बागाईतदारांना बैलांसाठी. मध्ये मी. माझ्याकडे ना गाडी, ना बैल, ना बापाचा धंदा. पायच तेवढे होते. धंद्यातली गोम एवढीच की खळ्यावर जो पहिला पोचेल त्याचा भाव होतो. दुसरा येतो तो नुसता उडवीकडे बघून परत जातो. म्हणून मी धावत जाई. पहाटे भाकरी बांधून निघायचे आणि खळ्याच्या शंभर पावले अलीकडे थांबायचे, घाम पुसायचा, सदरा नीट करायचा, आणि मग सहज फिरत आल्यासारखे आत शिरायचे. धापा टाकत आलेल्या माणसाला कोणी कमी भाव सांगत नाही, कारण त्याची गरज त्याच्या छातीवर दिसते.

हे धावणे म्हणजे व्यायाम आहे हे मला माहीतच नव्हते. ते मला इनास मास्तराने सांगितले.

इनास पश्चिमेच्या वाडीतला, केळीच्या आणि पानवेलीच्या बागांतला ख्रिस्ती माणूस. वयाने माझ्याएवढाच. पूर्वेकडच्या एका शाळेत कवायतीचा मास्तर होता. उंच, हाडकुळा, आणि बोलण्यात इतका सभ्य की माझ्यासारख्याला राग यावा. त्याच्या बापाकडे दोन बैल होते. त्यांच्या पेंढ्यासाठी पहिल्यांदा तो माझ्याशी बोलायला उभा राहिला तेव्हा त्याने मी सांगितलेला पहिलाच भाव मान्य केला. मला रात्रभर झोप लागली नाही. पहिल्या बोलीला हो म्हणणारे गिऱ्हाईक म्हणजे काहीतरी चुकले आहे, एवढे मला धंद्याने शिकवले होते. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या वाडीवर गेलो आणि भांडलो.

"मास्तर, तू भाव का नाही केलास?"

"तू सांगितलास तो मला बरोबर वाटला."

"बरोबर कसा असेल? मी जास्त सांगितला होता."

"मग कमी कर," तो म्हणाला, आणि आत ओरडला, "रेजिना, शेठला चहा."

मी तेव्हा शेठ नव्हतो. अंगात ठिगळाचा सदरा होता. पण त्या दिवसापासून तो मला शेठ म्हणतो ते आजपर्यंत. नंतर मी खरोखरचा शेठ झालो, तेव्हा त्याच्या तोंडी त्या शब्दातली थट्टा तेवढी कमी झाली नाही.

त्यानेच एकदा मला चांदीपच्या बाजूला बांधावरून धावताना पाहिले. तो सायकल हातात धरून उभा होता. "शेठ, कोणी मागे लागलंय?" "नाय, पुढे लागलाय," मी म्हटले. कारण त्या दिवशी दुसरा एक व्यापारी माझ्या आधी निघाल्याची खबर होती. इनास माझ्या मागून सायकलवर आला, गप्पा मारीत, आणि त्या खळ्यावर पोचल्यावर त्याने घड्याळ पाहिले. मग नुसता मान हलवीत राहिला. मला वाटले पेंढा बघून हलवतो आहे.

त्या वर्षी दिल्लीत एशियाड व्हायचे होते. जो तो खेळाच्या गोष्टी करीत होता. चांदीपच्या तरुण मंडळाला वाटले आपणही काही करावे. कबड्डी तर सगळेच भरवतात. इनास म्हणाला, मॅरेथॉन करू. पुरे सव्वीस मैल आणि वर थोडे, रस्त्याने नाही, शेतांतून आणि गाडीवाटांनी. मंडळातल्या कोणालाही सव्वीस मैल म्हणजे किती हे नीट कळले नव्हते, म्हणून ठराव एकमताने पास झाला.

वाट मोजली मास्तराने. सायकलच्या पुढच्या चाकाला चिंधी बांधली आणि चिंधी खाली आली की एक, असे मोजत निघाला. सहाव्या मैलावर कोणीतरी त्याला "मास्तर, पाणी घेता?" असे विचारले. त्याने "नको" म्हटले आणि आकडा विसरला. अंदाजाने पुढे मोजणारा माणूस तो नव्हे. तो परत चांदीपला आला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. हे मी मुद्दाम सांगतो आहे. माणूस किती सरळ होता ते कळावे, म्हणजे त्याने पुढे काय केले त्याचे वजन कळेल.

ती वाट माझ्या पायांना पाठ होती. तिला डोंगर म्हणता येणार नाही. भाकरी तव्यावर फुगते तेवढी जमीन वर यायची आणि हळूच बसायची, पुन्हा फुगायची, पुन्हा बसायची. चढ संपला हे कळायच्या आत उतार लागलेला असे. दोन्ही बाजूंना कापणी झालेली खाचरे, त्यांतले भाताचे धस उन्हाने पांढरे पडलेले, मधूनच एखादा वालाचा हिरवा तुकडा. पानगळ होऊन रान उघडे पडलेले आणि त्या उघड्या रानात पळस फुललेला. काटेसावरीखाली लाल फुलांचा सडा पडलेला असे आणि त्यावर पाय पडला की फुले फटफट वाजत. करवंदाच्या जाळ्या पांढऱ्या झालेल्या. आणि मोह. पहाटेच्या वेळी मोहाखालून गेले की आंबूस-गोड वास नाकात शिरे आणि पुढचा अर्धा मैल डोके थोडे हलके राही. पाड्यांवरच्या बाया टोपल्या घेऊन फुले वेचत बसलेल्या असत. कोणी कोणाशी बोलत नसे. फुले पडण्याचा टप टप आवाज तेवढा.

मी कितीतरी वर्षे त्या वाटेने गेलो होतो, पण शर्यतीच्या दिवशी ती मला पहिल्यांदा दिसली. त्याआधी मला फक्त उडव्या दिसत होत्या.

होळी होऊन चार-पाच दिवस झाले होते. झुंजुमुंजूला आम्ही तीसेक जण माळावर उभे होतो. कोणाच्या पायात कॅनव्हासचे बूट, कोणी अनवाणी, एकजण लेझमीच्या पोशाखात. मी बूट नवे घेतले होते आणि आठ दिवस ते घालून उडव्यांभोवती फिरून मऊ केले होते. इनास माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. पांढरा गंजिफ्रॉक, खाकी अर्धी चड्डी, गळ्यात काळ्या दोऱ्यातला क्रूस. चेहरा ओढलेला वाटला. मी विचारले, "मास्तर, आजारी आहेस काय?" तो म्हणाला, "आमचे उपास चालू आहेत." ख्रिस्ती लोक ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपास पाळतात हे मला माहीत होते. मटण-मासे खात नाहीत, लग्ने करीत नाहीत, एवढेच. मी म्हटले, "मग आज तरी पोटभर खायचं." तो हसला. ते हसणे मी नंतर किती वेळा उलटेपालटे करून पाहिले आहे.

सरपंचांनी थाळीवर पळी मारली आणि आम्ही सुटलो.

सुरुवातीलाच उतार होता. तेरा मैल जाऊन त्याच वाटेने परत यायचे असल्यामुळे तो उतार शेवटी चढ होऊन समोर येणार, हे त्या वेळी कोणाच्या मनात आले नाही. पोरे आरडाओरडा करीत खाली सुटली. मी आणि मास्तर मागे राहिलो. दव पडलेले होते आणि गाडीवाटेचा फुफाटा अजून उठत नव्हता. बुटांचा आवाज मऊ येत होता. तांबट पक्षी कुठेतरी एकसुरी ठोकत होता आणि मला वाटले तो माझ्याच पावलांचा ठेका धरून बसला आहे.

सातव्या मैलावर मंडळाने माठ ठेवले होते, गुळाचे पाणी आणि चिमूटभर मीठ. पण त्या माठांच्या पन्नास पावले अलीकडे एका ताडाखाली ताडीवाला आपले मडके घेऊन बसलेला होता. तो काही शर्यतीसाठी आला नव्हता, त्याची ती रोजची जागा. सकाळची ताजी ताडी, गोड, थंड. आमच्या पुढे सुटलेले निम्मे वीर तिथे गोल करून बसलेले आढळले. "या, शेठ, घोटभर घ्या, शर्यत कुठं पळून जाते?" मी पुढे गेलो. इनास त्यांना हात जोडून म्हणाला, "परत येताना," आणि तोही पुढे आला.

एका पाड्यावर एक म्हातारी वारली बाई दारात उभी होती. मोठी माणसे उन्हाच्या आधी एकामागून एक धावत चालली आहेत, हातात काही नाही, डोक्यावर काही नाही. तिने मला अडवले. "कोनाचा मयत झालाय?" तिच्या हिशेबाने माणूस असा धावतो तो निरोप सांगायलाच. मी म्हटले, "कोनाचा नाय, आजी. शर्यत हाय." ती माझे नवे बूट बघून म्हणाली, "मंग दमाने जा." आयुष्यात मला मिळालेला सर्वांत चांगला सल्ला तो, आणि त्यासाठी मला भाव करावा लागला नाही.

तेराव्या मैलावर जुन्या आंब्याखाली मनगटावर शिक्का मारून घ्यायचा होता. आंब्याला वाटाण्याएवढ्या कैऱ्या लागल्या होत्या. तिथून वळलो तेव्हा पुढे कोणी उरले नव्हते. मी आणि मास्तर.

मग ऊन आले. मार्चचे ऊन नऊ वाजेपर्यंत मऊ असते आणि मग अचानक खांद्यावर बसते. राबाचा धूर खाचरांवर आडवा पसरलेला होता. त्यातून धावताना डोळे चुरचुरत आणि बाहेर आले की हवा जास्तच गार वाटे. सोळा, सतरा, अठरा. आम्ही बोलणे कधीच सोडले होते. कधी तो दहा पावले पुढे, कधी मी. विसाव्या मैलानंतर माझ्या अंगातले सगळे गेले. पोटऱ्यांत दगड भरले. एरवी अशा वेळी मी काय केले असते ते मला पक्के माहीत आहे. मी घासाघीस केली असती. थोडे तू सोड, थोडे मी सोडतो. पण तिथे घासाघीस करायची कोणाशी? एकविसावा मैल साडेविसावर यायला तयार नव्हता. बांधाला माझी गरज नव्हती. मी आरडाओरड केली असती तरी चढ एक बोट खाली आला नसता.

आणि सांगायचे म्हणजे हे मला फार बरे वाटले. ज्याच्याशी वाद घालता येत नाही असे काहीतरी मला तिशीत पहिल्यांदा भेटले होते. राग नावाचा जो प्राणी माझ्या छातीत बारा महिने उभा असतो तो बाविसाव्या मैलावर खाली बसला. मी नुसता पाय उचलत होतो आणि ठेवत होतो. पळसाच्या पाकळ्या वाटेवर पडल्या होत्या. कुठून तरी वालाच्या शेंगा उकडल्याचा वास येत होता. मी सुखात होतो. इतके साधे सुख पुन्हा फारसे वाट्याला आले नाही.

शेवटचा चढ लागला तेव्हा इनास माझ्या पुढे तीसेक पावले होता. वरती माळावरची माणसे दिसत होती, ताशा ऐकू येत होता. तेवढ्यात वाटेच्या कडेला तो थांबला, एक गुडघा टेकला आणि बुटाला हात घातला.

मी जवळ पोचलो. "काय झालं, मास्तर?"

"नाडी सुटली."

"थांबू?"

"जा तू."

"मास्तर..."

"जा म्हणतो ना, शेठ."

मी गेलो. मागे पाहिले नाही. चढ संपला, ताशा एकदम कानात शिरला, कोणीतरी माझ्या तोंडाला गुलाल फासला आणि सरपंचांनी माझ्या हातात स्टीलची कळशी दिली. मी घोटभर पाणी पिऊन मान वर केली तोवर इनास आलाच. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. दोघेही गवतात आडवे पडलो. बराच वेळ वर बघत होतो. आकाशात काही नव्हते.

कळशी घरी नेली. बायको, भीमा, ती अजून वापरते. लोक विचारत, तेव्हा ती सांगे, "धावलं हे, नि पानी भरतंय मी."

पुढे माझा धंदा वाढला. पेंढ्यातून विटांत गेलो, विटांतून ट्रक आले. मोठ्या लोकांसमोर बसायची वेळ आली. इंग्रजी बोलणारे, थंड खोलीत बसणारे, मला उभा ठेवून फोनवर बोलणारे. असा माणूस समोर असला की मी मनात चांदीपचा शेवटचा चढ काढीत असे. माझ्याकडे जे काही आहे ते मी कोणाच्या तरी तोंडातून ओढून घेतले आहे. जमीन भांडून घेतली, गिऱ्हाईक भांडून घेतले, सासऱ्याशी लग्नाची तारीखसुद्धा भांडून ठरवली. एक गोष्ट तेवढी मी पुरी किंमत मोजून, एक शब्द न बोलता घेतली होती. ती शर्यत. तिच्यावर पाय ठेवून मी त्या थंड खोल्यांत उभा राहत असे. मला कोणी हलवू शकत नसे.

आणि मग त्याच दशकाच्या शेवटाला, एका ईस्टरला, इनासच्या घरी जेवायला बसलो होतो. दर वर्षी जातो. मटण, रेजिनाने तळलेले मैद्याचे गोल गरम फुगे, अंगणात सोनचाफ्याचे झाड. रेजिना वाढता वाढता मुलांच्या गमती सांगत होती. उपासाच्या काळात त्यांच्यात जो तो काहीतरी आवडीचे सोडतो. थोरल्याने चाळीस दिवस व्हिडिओवरचे सिनेमे सोडले होते. मुलीने गोळ्या-चॉकलेट सोडले आणि दहाव्या दिवशी खाल्ले. मी हसत होतो. रेजिना म्हणाली, "मुलांचं सोडा, दादा. यांनी एका वर्षी काय सोडलं होतं माहीत आहे? पहिला नंबर."

मी फुगा हातात धरून बसलो.

"कुठला पहिला नंबर?"

"ती चांदीपची धावायची शर्यत नव्हती का? घरी येऊन म्हणाले, आज पहिला नंबर देवाला दिला. मी म्हटलं, देवाला कुठे, तो तर आपल्या गोविंददादांना दिलात." आणि ती हसली. तिला वाटले मला माहीत आहे.

"मास्तर," मी म्हटले.

"जेव, शेठ."

"मास्तर, ही काय म्हणते?"

"जुनी गोष्ट. जेव आधी."

मी उठलो. तसाच उष्ट्या हाताने अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेलो. फाटकापाशी ध्यानात आले की चपला आत राहिल्या आहेत. परत आलो तर ताटात रेजिनाने आणखी दोन फुगे वाढून ठेवले होते. इनास खाली मान घालून जेवत होता, पण खांदे हलत होते. तो हसत होता. मी बसलो आणि जेवलो. रागातसुद्धा ते फुगे टाकवत नाहीत.

त्यानंतर मी त्याला किती वेळा धरले असेल. वर्षाला एकदा धरले तरी खूप झाले. त्याची उत्तरे ठरलेली. "देवाला दिलेली गोष्ट बोलून दाखवायची नसते." मी म्हणतो, "रेजिनाला बोललास ते?" तो म्हणतो, "तीच चूक झाली." एकदा म्हणाला, "फादरना विचार." मी खरेच गेलो. नवीन फादर तरुण होता, शर्यत झाली तेव्हा तो जन्मला तरी होता की नाही कोण जाणे. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, तुम्हाला बक्षीस परत करायचं आहे का?" मी म्हटले, कळशी बायको देणार नाही. विषय तिथे संपला.

माझे म्हणणे साधे होते. उपास तुझा, देव तुझा, चाळीस दिवस तुझे. चहा सोडायचा तर चहा सोड. चहाला कोणी विचारत नाही, कारण चहाला काही वाटत नाही. पण तू जे सोडलेस ते सोडल्यावर माझ्या अंगावर पडले. मला विचारलेस का? मी सव्वीस मैल रक्त आटवीत होतो आणि तू मला तुझ्या पुण्याच्या टोपलीत घालून घेऊन गेलास. भीमा यावर म्हणते, "दिला तर घ्यावा. तुमाला घेवता येत नाय हीच खोड." तिचे बरोबर असेल. पण मी असा आहे.

असे मी बरीच वर्षे म्हणत होतो. मग एका वसंतात, असाच राबाचा वास होता, मला झोपेतून उठल्यासारखी एक वेगळीच गोष्ट दिसली. मी आयुष्यभर माल घेतला आणि विकला. दान करणारेही खूप पाहिले. माणूस कोणते दान सर्वांत हसतमुखाने करतो? जे त्याच्या कोठारात नसते ते. गेलेला माल, भिजलेला पेंढा, हातचे निसटलेले गिऱ्हाईक. "जाऊ दे, दिले," म्हणायचे आणि मोकळे व्हायचे.

आता शेवटचा चढ पुन्हा बघा. हा उपाशी माणूस. चाळीस दिवसांतले निम्मे उलटलेले. पंचवीस मैल झालेले. तीस पावले पुढे, पण मागून मी येतो आहे, आणि मी म्हातारीच्या सल्ल्याने दमाने आलेला. माझी पावले त्याला ऐकू येत असणार. समोर चढ. त्याचे पाय संपले असतील तर? कवायतीचा मास्तर, पोरांना नाडीला दोन गाठी मारायला शिकवणारा, त्याची नाडी सुटते कशी? पण गुडघा टेकून बसायला निमित्त तर हवे. मी त्याला ओलांडले, तो उठला, आला, घरी गेला, आणि जे हरले होते ते देवाला वाहून टाकले. आधी ठरवून सोडले, की गेल्यावर सोडले म्हणाला?

त्याचा तो "जा तू" मी अजून कानात वाजवून पाहतो. दमून देणाऱ्याचा आवाज आणि मनापासून देणाऱ्याचा आवाज मला ओळखता येतो असे मी समजत होतो. खळ्यावर तर ओळखत होतो. मास्तराच्या आवाजात मला कधी एक ऐकू येते, कधी दुसरे. बहुतेक वेळा तांबट पक्षीच ऐकू येतो.

हा संशय आला तेव्हा मला किती आनंद झाला म्हणून सांगू. त्या दिवशी मी भीमाला घेऊन चांदीपला गेलो. माळ आहे, थोडा उरला आहे. चढावर बाजूने कुंपण आले आहे, पण पळस आहे. गुडघे दुखतात म्हणून चालत वर गेलो आणि तिथे उभा राहून मला जाणवले की मी हा चढ एकदा हरलो आणि दोनदा जिंकलो आहे, आणि कुठले खरे ते कळायचे राहिले असले तरी वाट माझीच आहे. सव्वीस मैल कोणी कोणाला दान करू शकत नाही. पण शेवटच्या दोनशे पावलांचा प्रश्न आहे, आणि दोनशेच पावले म्हणून मी ती सोडणार नाही.

तेव्हा मास्तर, हे लिहून छापायला दिले आहे. तुझा चष्मा रेजिना लपवून ठेवते, म्हणजे हे तीच तुला मोठ्याने वाचून दाखवील आणि तुला ऐकावे लागेल. आता देवावर ढकलू नकोस, फादरवर ढकलू नकोस, जेव म्हणू नकोस. त्या वाटेच्या कडेला गुडघा टेकलास तेव्हा तुझ्या पायांत जोर होता की नव्हता? होता, तर तू मला फसवलेस, आणि त्याचा जबाब मला दे. नव्हता, तर तू तुझ्याकडे नसलेली गोष्ट तुझ्या देवाला वाहिलीस आणि वर बायकोला सांगितलीस, मग जबाब त्या दोघांना दे. कोणाला द्यायचा ते तू ठरव. पण दे.